गणपतराव देशमुखांची वकिली

सांगोल्याचे माजी आमदार ॲड. गणपतराव देशमुख यांच्याविषयी आजवर जे लिहिले गेले, त्यातले बरेचसे दोन गोष्टींभोवती फिरते: एकाच मतदारसंघातून अकरा वेळा झालेली निवड आणि आमदार असूनही एसटीने केलेला प्रवास. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि अभिमानाने सांगाव्यात अशा आहेत. पण मी स्वतः तालुक्याच्या न्यायालयात वकिली करतो, त्यामुळे मला त्यांच्या आयुष्यातली आणखी एक बाजू अधिक मोलाची वाटते. ते वकील होते, आणि आमदार झाल्यानंतरही त्यांच्या कामाची पद्धत वकिलाचीच राहिली. तालुक्याचे गाऱ्हाणे कुणा मंत्र्याच्या मेहेरबानीवर न सोडता ते कायद्याच्या कलमात, लवादाच्या निवाड्यात किंवा अर्थसंकल्पाच्या तरतुदीत कुठे बसते ते शोधायचे आणि मग ते हक्क म्हणून मागायचे, असा त्यांचा शिरस्ता मला त्यांच्या सबंध कारकिर्दीत दिसतो. तो कसा, हे थोडे विस्ताराने मांडायचे आहे.

त्यांचा जन्म १० ऑगस्ट १९२६ रोजी सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ तालुक्यात पेनूर येथे, धनगर समाजात झाला. विद्यार्थिदशेतच ते शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकापच्या) विचारांकडे ओढले गेले. काँग्रेसमधील बहुजन समाजातून आलेल्या आणि शेतकऱ्यांच्या प्रश्नांवर अस्वस्थ असलेल्या नेत्यांनी स्वातंत्र्याच्या सुमारास हा पक्ष उभा केला होता. शंकरराव मोरे, केशवराव जेधे, क्रांतिसिंह नाना पाटील, तुळशीदास जाधव अशी मोठी माणसे त्यात होती. १९५० मध्ये नाशिक जिल्ह्यातील दाभाडी येथे पक्षाने मार्क्सवादी भूमिका स्वीकारली. पुढे काही वर्षांतच मोरे आणि जेधे काँग्रेसमध्ये परतले आणि ज्यांच्या नावावर पक्ष उभा होता तीच माणसे निघून गेल्यावर मागे उरलेल्या तरुणांना तो चालवावा लागला. गणपतराव त्या तरुणांपैकी एक होते. त्यांनी हा पक्ष अखेरपर्यंत सोडला नाही, आणि हे महाराष्ट्राच्या राजकारणाची गेल्या चाळीस वर्षांतली तऱ्हा पाहिलेल्या माणसाला मुद्दाम सांगावे लागते.

कायद्याचे शिक्षण पूर्ण करून त्यांनी सांगोल्यात वकिली सुरू केली. ही १९५०च्या दशकातली गोष्ट आहे, आणि त्या काळात पश्चिम महाराष्ट्रातल्या ग्रामीण भागात वकिली करणे म्हणजे काय होते, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे कळत नाही. १९४८ चा मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा लागू झालेला होता. १ एप्रिल १९५७ हा दिवस त्या कायद्यात ‘कृषक दिन’ ठरला आणि त्या दिवशी जमीन कसणारे कूळ तिचे मालक मानले गेले. कायद्याच्या पुस्तकात हे एका वाक्यात लिहिले आहे. गावात मात्र त्या एका वाक्यासाठी किती झगडे झाले असतील, याची कल्पना जुन्या दप्तरांवरून येते. पीकपाहणीच्या रकान्यात कुणाचे नाव आहे, खंडाची पावती आहे की नाही, कुळाने आपण होऊन जमीन परत दिल्याचा जो कागद मालकाने पुढे केला त्यावरचा अंगठा खरोखर त्याचाच का, असे प्रश्न मामलेदारापुढे येत. जो जमीन कसत होता त्याला वाचता येत नव्हते आणि ज्याच्या हाती कागद होता तो जमीन कसत नव्हता. अशा वेळी वकिलाचे खरे काम एवढेच असते की माणसाजवळ जे आहे, म्हणजे त्याची वहिवाट, शेजाऱ्यांची साक्ष आणि घरात कुठेतरी गुंडाळून ठेवलेली एखादी पावती, ते कायद्याला ओळखता येईल अशा रूपात मांडायचे. पक्षकाराची बाजू कितीही न्याय्य असली तरी ती कोणत्या कलमाखाली मागितली हे सांगता आले नाही तर दावा टिकत नाही, हे तालुक्याच्या कोर्टात पहिल्याच वर्षी कळते. मला वाटते, गणपतराव विधानसभेत गेले ते हे शिकूनच.

संयुक्त महाराष्ट्राची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९६२ मध्ये झाली. विधानसभेच्या २६४ जागांपैकी काँग्रेसने २१५ जिंकल्या. शेकापला १५ मिळाल्या आणि तरीही तो प्रमुख विरोधी पक्ष ठरला. त्या पंधरांमध्ये सांगोल्याचे गणपतराव होते. सत्ताधारी पक्षाचे असे बहुमत असताना विरोधी सदस्य मतदानाच्या बळावर काहीही घडवू शकत नाही. त्याच्या हाती उरतात ती सभागृहाच्या नियमावलीतली साधने, म्हणजे तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना, अर्ध्या तासाची चर्चा, औचित्याचा मुद्दा आणि विधेयकाच्या कलमवार विचाराच्या वेळी मांडलेली दुरुस्ती. बाहेरच्या माणसाला ही नावे रुक्ष वाटतील, पण वकिलाला ती ओळखीची वाटतात, कारण त्यांत आणि दिवाणी प्रक्रियेत फारसे अंतर नाही. तारांकित प्रश्नाचे उत्तर मंत्र्याला सभागृहात द्यावे लागते, त्यावर उपप्रश्न विचारता येतात आणि दिलेले उत्तर कार्यवृत्तात छापले जाते. एकदा छापले गेले की पुढच्या अधिवेशनात तेच उत्तर समोर ठेवून ‘मागच्या वेळी आपण असे म्हणाला होता’ असे विचारता येते. ज्याला उलटतपासणीची सवय आहे, त्याला या छापील ओळीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. अधिवेशनाच्या काळात पूर्ण वेळ सभागृहात बसणारा, तयारी करून बोलणारा सदस्य अशी त्यांची ख्याती होती, आणि ती विरोधकांनीही मान्य केलेली होती.

१९६७ मध्ये ते पुन्हा निवडून आले, १९७२ मध्ये पराभूत झाले. तो पराभव अशा वर्षी झाला की त्याच वर्षी महाराष्ट्रावर मोठा दुष्काळ कोसळला आणि सांगोला, आटपाडी, माण, जत या पट्ट्यात माणसे खडी फोडण्याच्या कामावर गेली. १९७४ च्या पोटनिवडणुकीत गणपतराव विधानसभेत परतले, तेव्हा राज्यापुढचा प्रश्न बदललेला होता. दुष्काळी काम हे सरकारने दाखवलेले औदार्य मानायचे, की काम मागणाऱ्याचा हक्क?

या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी आधीच शोधायला घेतले होते ते वि. स. पागे हेही कायद्याचेच पदवीधर होते. विधान परिषदेचे ते १९६० पासून १९७८ पर्यंत सभापती होते आणि रोजगार हमीची कल्पना त्यांनी आपल्या तासगाव तालुक्यातल्या प्रयोगातून पुढे आणली होती. दुष्काळाने त्या कल्पनेला राज्यभर वाव दिला, १९७५ च्या व्यवसाय कराने तिला पैसा मिळाला, पण तोवर ती सरकारी योजनाच होती. योजना शासन निर्णयाने सुरू होते आणि शासन निर्णयानेच बंद होते. तिला कायद्याचे रूप मिळाले ते महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७ मुळे. हे विधेयक डिसेंबर १९७७ मध्ये दोन्ही सभागृहांनी एकमताने मंजूर केले, आणि त्या वेळी विधानसभेचे विरोधी पक्षनेते होते गणपतराव देशमुख.

एकमत हा शब्द वाचून पुढे जाणे सोपे आहे. विरोधी पक्षनेत्याने एखाद्या सरकारी विधेयकाला साथ देणे म्हणजे त्याचे श्रेय सरकारला देणे होय, आणि निवडणूक तोंडावर असताना ते कुणालाही जड जाते. १९७८ च्या फेब्रुवारीत निवडणूक व्हायचीच होती. शिवाय ज्या पक्षाने दुष्काळातल्या मजुरांसाठी रस्त्यावर लढाई केली, त्याला हा कायदा अपुरा आहे असे म्हणून दूर राहता आले असते. तसे झाले नाही, याचे मोल मला फार वाटते. कायद्यात काय होते ते पाहा. ग्रामीण भागातल्या प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितले की पंधरा दिवसांत ते द्यायचे आणि देता आले नाही तर बेकारी भत्ता द्यायचा. भत्त्याची किमान रक्कम दिवसाला एक रुपया होती. रक्कम तेव्हाही किरकोळच होती. पण त्या एका रुपयामुळे काम न मिळणे ही मजुराची दुर्दैवी अवस्था न राहता सरकारचा कसूर ठरला, आणि कसूर झाला की त्याविरुद्ध दाद मागता येते. हमी आणि मदत यांतला फरक एवढाच असतो, आणि कोर्टात उभे राहिलेल्या माणसाला तो चटकन दिसतो.

२६ जानेवारी १९७९ रोजी हा कायदा अंमलात आला, तेव्हा शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या मंत्रिमंडळात शेकाप सामील होता आणि गणपतराव मंत्री होते. पुढे १९९९ मध्ये विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे पणन आणि रोजगार हमी ही खाती आली. विधेयक मंजूर होताना विरोधी पक्षनेता, ते लागू होताना मंत्री आणि वीस वर्षांनी त्याच खात्याची जबाबदारी, असा एका कायद्याचा प्रवास फार थोड्या आमदारांच्या वाट्याला येतो. २००५ मध्ये संसदेने देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा त्याच्यापुढे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

रोजगार हमीचा सांगोल्याला आणखी एक फायदा झाला, ज्याचा उल्लेख शहरातल्या चर्चेत क्वचितच येतो. १९९० च्या सुमारास राज्याने फळबाग लागवड रोजगार हमीशी जोडली. शेतकऱ्याने स्वतःच्या रानात खड्डे खणायचे, रोपे लावायची, ती जगवायची आणि त्याची मजुरी योजनेतून मिळायची, अशी ती सोय होती. सांगोल्यासारख्या कमी पावसाच्या, हलक्या जमिनीच्या तालुक्यात ज्वारी-बाजरीच्या जागी डाळिंब आले ते याच काळात वाढले. डाळिंबाने या तालुक्याची रया बदलली. पुढे तेल्या रोगाने बागा मोडल्या, मर रोगाने मोडल्या, पुन्हा लावल्या गेल्या, हा निराळा आणि दुःखाचा विषय आहे. पण ज्याच्याकडे रोप विकत घेण्याची ऐपत नव्हती त्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या बांधावर बाग उभी राहिली.

पाण्याच्या प्रश्नात मात्र त्यांची चिकाटी सर्वांत जास्त कसाला लागली. सांगोला भीमेच्या खोऱ्यात, माण नदीच्या काठचा तालुका आहे, आणि माण वर्षातला बराच काळ कोरडी असते. पाणी आणायचे तर ते दुसरीकडून, उचलून आणावे लागणार. इथे पुन्हा कायदा आडवा येतो. कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजे बच्छावत आयोगाने, महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० अब्ज घनफूट पाणी दिले होते आणि या निवाड्याचा फेरविचार ३१ मे २००० नंतर करता येईल अशी तरतूद होती. हाती असलेले पाणी त्या मुदतीपर्यंत अडवून वापरात आणले नाही तर पुढच्या वाटपात आपला दावा दुबळा पडेल, ही भीती खरी होती. ती भीती सर्वांत आधी ज्यांनी गावोगाव समजावून सांगितली त्यांत क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव देशमुख ही नावे प्रामुख्याने घ्यावी लागतात. १९९३ पासून आटपाडीत भरू लागलेल्या पाणी परिषदेला सांगली, सातारा आणि सोलापूर जिल्ह्यांतल्या तेरा दुष्काळी तालुक्यांतून माणसे येत. लवादाचा निवाडा हा दिल्लीतल्या तज्ज्ञांचा विषय, अशी तोवरची समजूत होती. या परिषदांमुळे अब्ज घनफुटांचा हिशेब आटपाडी-सांगोल्याच्या पारावर होऊ लागला.

मागणीही नेमकी होती. ऊस पिकवणाऱ्या नदीकाठाला आणखी पाणी देण्याऐवजी दुष्काळी भागातल्या प्रत्येक कुटुंबाला समान वाटा द्या, असे ही परिषद म्हणत होती. १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि टेंभू योजनेला मान्यता मिळाली. कराडजवळ टेंभू येथे कृष्णेचे पाणी उचलून टप्प्याटप्प्याने वर चढवत सातारा, सांगली आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांतल्या सुमारे ८० हजार हेक्टरांना देणारी ही योजना आहे, आणि सांगोला तिच्या शेपटाला येतो. शेपटाचे दुखणे प्रत्येक कालव्यावरच्या शेतकऱ्याला माहीत आहे: कागदावर हेक्टर मोजलेले असतात आणि पाणी मधल्यामध्ये संपते. म्हणून गणपतराव प्रत्येक अधिवेशनात विषय नव्याने काढत राहिले. कधी निधीची तरतूद, कधी वीजबिल कोणी भरायचे, कधी अपूर्ण कालव्याचे काम, असा हा पाठपुरावा पिढी उलटेपर्यंत चालला. योजनेचे पाणी तालुक्यात आले तेव्हा ज्यांनी पहिल्या परिषदेत हात वर केले होते त्यांतले अनेक जण हयात नव्हते. ही दिरंगाई मी राज्यकर्त्यांच्या माथी मारतो. त्यात आंदोलनाची कसूर नव्हती.

सहकारातले त्यांचे काम याच स्वभावाचे होते, त्यावर फार लिहीत नाही. कापूस फारसा न पिकणाऱ्या तालुक्यात त्यांनी शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी केली, पुढे महिलांची सूतगिरणीही उभी राहिली. राज्यातल्या कितीतरी सहकारी गिरण्या बंद पडत असताना सांगोल्याची गिरणी चालली, यामागे काटकसर आणि हिशेबाची शिस्त होती. तिच्यातून रोजगार मिळालेली घरे आजही आबासाहेबांचे, म्हणजे गणपतरावांचे, नाव घेतात.

सत्तेत त्यांची वर्षे थोडी गेली. १९७८ चे सरकार फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झाले. १९९९ चे मंत्रिपद पक्षाने २००२ मध्ये पाठिंबा काढून घेतल्यावर सोडावे लागले. या निर्णयामागे रायगडातले राजकारण होते, सांगोल्याचा त्यात लाभ काहीच नव्हता, आणि रोजगार हमीचे खाते हातात असलेल्या माणसाने त्याबद्दल हळहळ व्यक्त केली असती तर कुणी दोष दिला नसता. त्यांनी पक्षादेश मानला. यात पक्षनिष्ठा होती हे खरे. पण दुष्काळी भागाचे त्यातून नुकसान झाले, असेही मला वाटते.

त्यांच्याच पक्षात, त्याच काळात, पनवेलचे दि. बा. पाटील हेही वकील होते आणि तेही विरोधी पक्षनेते झाले. नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांचा लढा त्यांनी चालवला. १९८४ च्या जानेवारीत झालेल्या गोळीबारात पाच शेतकरी मरण पावले आणि त्या लढ्यातून विकसित जमिनीपैकी साडेबारा टक्के परत मिळण्याचे तत्त्व सरकारला मान्य करावे लागले. नुकसानभरपाईचा आकडा वाढवून मागण्यापलीकडे जाऊन जमिनीत वाटा मागणे, ही वकिली बुद्धीची देणगी आहे. एकाच पिढीतल्या या दोघांनी कायद्याचे शिक्षण कशासाठी वापरले हे पाहिले, म्हणजे शेकापने महाराष्ट्राला काय दिले याचा हिशेब नुसत्या आमदारांच्या संख्येवर का करू नये ते कळते. संख्या तर घसरतच गेली. १९६२ मध्ये पंधरा असलेला पक्ष २०१४ मध्ये तिघांवर आला. कारखान्यांच्या आणि बँकांच्या जाळ्यातून काँग्रेसने ग्रामीण नेतृत्व आपल्यात ओढले, आणि शेकापची भाषा नव्या मतदाराला जुनी वाटू लागली. गणपतरावांसारखा माणूस असूनही सांगोल्याबाहेर सोलापूर जिल्ह्यात पक्ष का वाढला नाही, हा प्रश्न त्यांच्या चाहत्यांनी टाळू नये.

त्यांच्या विक्रमाविषयी एक दुरुस्ती आवश्यक आहे. अकरा विजय हा देशातला विक्रम असल्याचे वारंवार छापले जाते. ते बरोबर नाही. करुणानिधी तेरा वेळा निवडून आले, वेगवेगळ्या मतदारसंघांतून. आणि केरळातल्या पालामधून के. एम. मणी, जे स्वतः वकील होते, एकाच मतदारसंघातून तेरा वेळा आले. महाराष्ट्रात मात्र गणपतरावांची बरोबरी कुणाची नाही. त्यांच्या अकरा विजयांपेक्षा मला १९९५ चा पराभव अधिक बोलका वाटतो. शहाजीबापू पाटील यांनी त्यांना अवघ्या १९२ मतांनी हरवले. एवढ्या कमी फरकाने हरलेला, सत्तरीला आलेला माणूस राजकारणातून निवृत्त झाला असता तर कुणाला आश्चर्य वाटले नसते. पुढची चार वर्षे विधानसभेत नसतानाही पाणी परिषदेतले त्यांचे काम सुरूच राहिले, आणि १९९९, २००४, २००९, २०१४ असे सलग चार वेळा सांगोल्याने त्यांना पाठवले. २०१२ मध्ये विधिमंडळाने त्यांच्या पन्नास वर्षांच्या संसदीय वाटचालीबद्दल सत्कार केला.

२०१९ ची निवडणूक त्यांनी वयोमानामुळे लढवली नाही. नातू डॉ. अनिकेत उभे राहिले आणि ७६८ मतांनी हरले. २०२४ मध्ये दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी ही जागा पक्षाकडे परत आणली. साठ वर्षे कार्यकर्त्यांच्या बळावर चाललेल्या पक्षाला उमेदवार घरातच शोधावा लागला, याची मला खंत आहे, आणि नव्या आमदारांच्या कामाला शुभेच्छा देतानाही ती लपवावीशी वाटत नाही. गणपतरावांचे निधन ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात झाले.

त्यांच्या आठवणी सांगणारी माणसे अजून पुष्कळ आहेत. पण विधानसभेतले त्यांचे काम कार्यवृत्तांत विखुरलेले आहे आणि तालुक्याच्या ठिकाणी ते सहजी हाती लागत नाही. रोजगार हमी विधेयकावरची चर्चा, कृष्णा खोऱ्याविषयीचे प्रश्न आणि त्यांना वेगवेगळ्या मंत्र्यांनी दिलेली उत्तरे, एवढा भाग जरी तारखांनिशी एकत्र छापून सोलापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या वकील संघांच्या ग्रंथालयांत ठेवला, तरी टेंभूच्या शेपटावरच्या शेतकऱ्याचे वकीलपत्र घेणाऱ्या तरुण वकिलाला सरकारने कधी काय कबूल केले होते, ते एका ठिकाणी सापडेल. आमच्या वकील संघापुढे मी हा विषय मांडणार आहे, आणि सांगोला, आटपाडी, मंगळवेढा, जत येथील सहकाऱ्यांनीही तो आपापल्या संघात मांडावा, अशी माझी विनंती आहे.